जुन्या वायरिंगवर गिगाबिट: १२ पॉइंटांच्या कामाच्या नोंदी

काम असं: दोन मजली इमारत, तळमजल्यावर रॅक, तिथून १२ पॉइंटांना (भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटना) गेलेली जुनी कॅट-५ई केबल. आजवर सगळं १०० मेगाबिटवर चालत होतं. नवी केबल होता होईल तेवढी कमी ओढून सगळे पॉइंट गिगाबिटवर, म्हणजे १००० मेगाबिटवर, आणायचे होते. सर्वांत लांबचा पॉइंट ६२ मीटरवर, त्यामुळे १०० मीटरच्या मर्यादेची काळजी नव्हती. अंदाज दोन दिवसांचा होता. लागले सात दिवस, मिळून ३४ तास, त्यातले १५ तास फुकट गेले. हे १५ तास कुठे गेले तेच खाली जास्त करून लिहिलं आहे.

३ फेब्रुवारी

केबलला हात न लावता जुना स्विच काढला आणि २४ पोर्टांचा गिगाबिट स्विच बसवला. मॅनेज्ड स्विच मुद्दाम घेतला. प्रत्येक पोर्टचा वेग, चुकलेल्या फ्रेमचा (डेटाच्या तुकड्यांचा) आकडा आणि केबलची चाचणी या तीन गोष्टी स्क्रीनवर दिसत नसतील तर असल्या कामात हात घालू नये. साधा स्विच फक्त दिवे दाखवतो, आणि या कामात दिव्यांनीच सर्वांत जास्त फसवलं.

पहिलं चित्र: १, २, ३, ६, ७, ८, १० आणि ११ गिगाबिटवर आले. ४ आणि ५ हे १०० वर अडकले. १२ नंबर १०० वर, तोही हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने. ९ नंबरचा लिंक लागायचा, सुटायचा, परत लागायचा.

चूक इथेच झाली. आठ पॉइंट गिगाबिटवर आले म्हणून त्यांच्यापुढे ‘पूर्ण’ असं लिहून टाकलं. एररचे आकडे पाहिलेच नाहीत. ते पाहिले तेव्हा ७ नंबरवर हजारोंनी सीआरसी एरर (वाटेत बिघडून पोचलेल्या फ्रेम) होते आणि ११ वर तासाला काही डझन.

४ फेब्रुवारी: पॉइंट ४ आणि ५

दोन्ही बॉक्स उघडले. भिंतीतून येणारी केबल एकच होती, आत आठ तारा, दोन-दोन पिळून चार जोड्या. नारंगी आणि हिरवी जोडी ४ नंबरला, निळी आणि तपकिरी जोडी ५ नंबरला. जुन्या वायरमनने एका केबलवर दोन पॉइंट काढले होते, आणि त्या काळी ते चुकीचंही नव्हतं. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात: पिन १-२ वरून एक दिशा, ३-६ वरून दुसरी. उरलेल्या चार तारा रिकाम्याच असतात.

गिगाबिटला ही काटकसर चालत नाही. त्यात चारही जोड्या वापरल्या जातात, प्रत्येकीवर २५० मेगाबिट, आणि प्रत्येक जोडीवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी. दोन्ही टोकं एकाच जोडीवर एकदमच बोलत असतात. आपण काय पाठवलं हे पोर्टमधल्या चिपला माहीत असतं. तारेवर जे एकूण दिसतं त्यातून ती स्वतःचा सिग्नल आणि त्याचा प्रतिध्वनी वजा करते, आणि उरतं ते समोरच्याचं. म्हणून एक पॉइंट, एक पूर्ण केबल. मधला मार्ग नाही.

जुनी केबल पूर्णपणे ४ नंबरला दिली. ५ साठी नवी ४० मीटर केबल कापली. ती जुन्याच पाइपमधून न्यायची होती, पण दोन वळणांनंतर अडकली. जोर लावला तर कदाचित आली असती. पण चार जोड्यांच्या केबलवर ११० न्यूटन, म्हणजे साधारण ११ किलोच्या वर ओढ देऊ नये. त्यापुढे आतले पीळ ताणले जातात, तारा लांबतात, आणि बाहेरून काही कळत नाही. पाइपचा नाद सोडला आणि भिंतीवरून केसिंग-कॅपिंग (झाकणाची प्लास्टिक पट्टी) घेतलं. विजेच्या तारांपासून ३० सेंटीमीटर अंतर ठेवलं, जिथे ओलांडायच्या होत्या तिथे काटकोनात ओलांडल्या. पाइपच्या खटपटीत ४ तास गेले.

संध्याकाळी ४ नंबरला नवा जॅक लावला, चारही जोड्या पंच केल्या (खाचांत दाबून बसवल्या). लिंक लागला, वेग १०० च! जॅक परत पंच केला, रॅकमधल्या पॅनलचं टोक परत केलं, एक जॅक त्यात खराब झाला. दोन तासांनी पॅच कॉर्डच्या (जॅकला उपकरण जोडणाऱ्या छोट्या केबलच्या) प्लगकडे नीट पाहिलं. पारदर्शक प्लगमध्ये आठ खाचा, तारा चारच. जुन्या एखाद्या उपकरणासोबत आलेली दोन जोड्यांची कॉर्ड होती ती. इमारतीतल्या सगळ्या कॉर्ड गोळा करून तपासल्या, अशा आणखी तीन निघाल्या. हे काम पहिल्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत करायला हवं होतं.

६ फेब्रुवारी: पॉइंट ५

नव्या केबलवर लिंकच लागेना. स्विचमधली केबल चाचणी चालवली: तीन जोड्या ठीक, एक जोडी ‘शॉर्ट, १४ मीटर’. ही चाचणी तारेत एक ठोका सोडते आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजते. केबलमध्ये सिग्नल मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद घेतो, त्यावरून अंतर निघतं. आकडा काही मीटर इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून दुसऱ्या टोकाला लॅपटॉप लावून लिनक्समधल्या इथटूलने तिकडून तीच चाचणी घेतली: २३ मीटर. १४ आणि २३ मिळून ३७, केबल कापून-सवरून ३८. म्हणजे दोन्ही आकडे भरवशाचे. टेप धरून १४ मीटरवर गेलो तर तिथे केसिंगचा जोड होता, आणि पट्टी बसवणारा स्क्रू सरळ केबलच्या आरपार.

मधेच जोड देण्याचा विचार केला नाही. जोडाच्या जागी पीळ उघडतो, तिथली इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) १०० ओहमची राहत नाही, आणि पुढे कधीतरी तोच जोड शोधत बसावं लागतं. केबल काढून टाकली, नवी ४० मीटर घातली. केसिंग आधी पक्कं करून केबल नंतर बसवायची, हा क्रम या वेळी पाळला. एक तास आणि ४० मीटर केबल गेली.

घाईत या केबलच्या दोन्ही टोकांना जॅकऐवजी सरळ आरजे-४५ प्लग (नेटवर्क केबलचे नेहमीचे प्लग) क्रिम्प केले, म्हणजे दाबून पक्के केले. त्याचं काय झालं ते १० तारखेच्या नोंदीत.

७ फेब्रुवारी: पॉइंट ९

लिंक काही क्षण लागतो, सुटतो, परत प्रयत्न होतो, आणि अधूनमधून कंटाळून १०० वर स्थिरावतो. हे लक्षण ओळखून ठेवण्यासारखं आहे.

दोन टोकं आधी आपसात बोलून वेग ठरवतात. ही बोलणी १-२ आणि ३-६ या दोनच जोड्यांवर होतात. त्या दोन्ही धड असल्या की दोन्ही बाजू ‘गिगाबिट’ असं कबूल करतात. मग कोण मास्टर, कोण स्लेव्ह ते ठरतं. मास्टर स्वतःच्या घड्याळावर पाठवतो आणि स्लेव्ह त्याचं घड्याळ पकडून चालतो. त्यानंतर चारही जोड्यांवर सराव सुरू होतो, चिप प्रतिध्वनी आणि गळती वजा करायला शिकते. चौघींपैकी एखादी तुटलेली असेल तर ती इथे उघडी पडते. मग सगळं पहिल्यापासून. काही प्रयत्न फसले की बऱ्याचशा चिपा आपणहून १०० वर उतरतात.

म्हणून लिंक असा लागून सुटत असेल तर आधी ४-५ आणि ७-८ तपासाव्यात. इथेही तेच निघालं. रॅकच्या टोकाला निळी जोडी कापून आवरणावर मागे दुमडलेली होती, पॉइंटच्या टोकाला ती शेजारच्या टेलिफोन सॉकेटला जोडलेली. कधीकाळी त्यावरून फोन चालला असणार.

एक सावधगिरी: अशी जोडी सापडली की स्विचला जोडण्याआधी मल्टीमीटरने व्होल्टेज पाहा. चालू टेलिफोन लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि घंटी वाजताना त्याहून बराच जास्त एसी. इथे शून्य होतं. सॉकेटमधून जोडी सोडवली, दोन्ही टोकं नव्याने पंच केली. पहिल्याच प्रयत्नात गिगाबिट. अख्खं काम पाऊण तासाचं.

१० फेब्रुवारी: पॉइंट ७, आणि ५ पुन्हा

सकाळी ५ नंबर १०० वर उतरलेला दिसला. प्लग थोडा हलवला की गिगाबिट, सोडला की परत १००. भिंतीतली केबल सॉलिड तारेची, आणि क्रिम्प केलेले प्लग मऊ, बहुतारी केबलसाठीचे. त्यांचा संपर्क तारेच्या मधोमध घुसणारा असतो. बहुतारी वायरमध्ये तो धाग्यांत शिरून बसतो. सॉलिड तारेवर तो नुसता टेकतो किंवा बाजूला सरकतो. सॉलिड तारेसाठीच्या प्लगमध्ये संपर्काचे दाते तारेला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. पण भिंतीतल्या केबलला प्लग लावूच नये हे माझं मत आता पक्कं झालं आहे. जॅक आणि पॅनलवर पंच करावं, हलणारा भाग पॅच कॉर्डचा असू द्यावा. दोन्ही टोकं बदलली, परत तक्रार नाही.

आता ७ नंबर. या नोंदी लिहिण्याचं खरं कारण हाच पॉइंट. यात ५ तास गेले.

लिंक गिगाबिटवर, केबल ४१ मीटर, टेस्टरवर १ ते ८ दिवे ओळीने लागतात. स्विचची केबल चाचणी चारही जोड्या ठीक म्हणते. तरी फाइल कॉपी लावली की एररचा आकडा डोळ्यांदेखत वाढतो. पॅच कॉर्ड बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, लॅपटॉप बदलला. विजेच्या तारा जवळ असतील म्हणून अर्धा मार्ग उघडून पाहिला. काहीच नाही.

शेवटी पॅनलच्या टोकाकडे टॉर्च धरून रंग वाचले. पिन १ पासून: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकं अगदी अशीच. दिसायला सुरेख, जोडीला जोडी लागून. आणि तीच चूक.

पोर्टच्या दृष्टीने ३ आणि ६ ही एक जोडी, ४ आणि ५ ही दुसरी. इथे ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा. म्हणजे विजेच्या हिशेबाने जोडी झालेल्या दोन तारा केबलमध्ये एकमेकींभोवती पिळलेल्याच नाहीत. पांढऱ्या-हिरव्याभोवती जी हिरवी तार पिळलेली आहे ती दुसऱ्याच जोडीचा सिग्नल घेऊन चालली आहे. पिळाचं काम असं: दोन तारांमध्ये सिग्नल समान आणि उलट असतो, त्यामुळे त्यांचं क्षेत्र एकमेकांना मारतं, बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो आणि वजाबाकीत उडतो. इथे ते सगळं बंद. दोन जोड्या ४१ मीटर एकमेकींच्या गळ्यात गळा घालून चालत होत्या आणि एकीचं बोलणं दुसरीत गळत होतं.

साधा टेस्टर हे पकडूच शकत नाही. तो फक्त एका टोकाची तीन नंबरची तार दुसऱ्या टोकाच्या तीन नंबरला पोचली का ते पाहतो.

मग १०० मेगाबिटवर वर्षानुवर्षं कसं चाललं? कारण तिथे ४-५ वर काहीच नसतं. पांढऱ्या-हिरव्याच्या शेजारची हिरवी तार गप्प होती. शिवाय १०० मध्ये तारेवर तीनच पातळ्या असतात, एक-एक व्होल्टच्या अंतराने. गिगाबिटही सेकंदाला तितकीच, म्हणजे १२.५ कोटी चिन्हं पाठवतो, पण पाच पातळ्यांवर: उणे १, उणे अर्धा, शून्य, अर्धा, १ व्होल्ट. दोन पातळ्यांमधलं अंतर निम्मं झालं. चिप जोड्यांमधली गळती वजा करते, ट्रेलिस कोड (चुका सुधारणारी सांकेतिक पद्धत) वापरून गमावलेलं बरंचसं परतही मिळवते, पण वायरिंग ठीक आहे असं धरून. पीळ मोडलेल्या जोड्यांसाठी तिच्याकडे तेवढी ताकद नसते.

हातात महागडं यंत्र नसेल तर मल्टीमीटरवर कपॅसिटन्स पाहावा, दोन्ही टोकं मोकळी ठेवून. खऱ्या जोडीत मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड येतात. इथे १-२ आणि ७-८ वर २ नॅनोफॅरडच्या आसपास आले, ३-६ आणि ४-५ वर स्पष्ट कमी. पाच मिनिटांचं काम, पण सुचलं रंग वाचल्यानंतर.

दोन्ही टोकं बी क्रमाने (रंगांच्या ठरलेल्या क्रमाने) केली: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चौथी आणि सहावी तार लक्षात ठेवली की चूक होत नाही. दोन तास सतत कॉपी, एरर शून्य.

याच वेळी ४ नंबरचा जॅक परत पाहिला. तिथे घाईत ३५ मिलिमीटर पीळ उघडला होता. १३ च्या आत ठेवायला हवा. आकड्यांत फरक दिसत नव्हता, तरी परत केला. यात दुसरा जॅक फुटला.

११ फेब्रुवारी: पॉइंट ११

६२ मीटर, रंगांचा क्रम बरोबर, कपॅसिटन्स बरोबर, तरी तासाला डझनावारी एरर. दुपारी जास्त, रात्री कमी. लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा पिळून शॉर्ट केल्या आणि रॅकच्या टोकाला ओहम मोजले: १६.३. २४ गेजची तांब्याची तार १०० मीटरला साधारण ८.४ ओहम, ६२ मीटर जाऊन-येऊन १०.४ यायला हवे. पात्याने तारेचं टोक खरवडलं, आत पांढरा धातू. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. आवरणावर कॅट-५ई छापलेलं होतं, पण अशी तार त्या मानकात बसत नाही.

तांब्याच्या चांगल्या केबलवरही १०० मीटर गेल्यावर १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल २२ ते २४ डेसिबल पडतो, म्हणजे व्होल्टेज बारा ते सोळा पट कमी. ॲल्युमिनियमच्या तारेत घट त्याहून जास्त, आणि तार तापली की आणखी वाढते. दुपारचे एरर त्यामुळेच, असं मला वाटतं. वेगळं सिद्ध केलेलं नाही.

केबल बदलायचीच होती. जुन्या केबललाच नवी बांधून ओढली, आणि वाटेत जुनी तुटली. ॲल्युमिनियमची तार ओढीला टिकत नाही, हे हातात ओहमचा आकडा असताना सुचायला हवं होतं. पाइपमध्ये अडकलेला तुकडा काढून स्प्रिंग (केबल ओढायची लवचीक तार) घालण्यात ३ तास गेले. आधी जुन्या केबलला नायलॉनची दोरी बांधून तीच हळू ओढून घेतली असती तर तुटण्याची शक्यता कमी होती. नवी ६६ मीटर केबल गेली, त्यातली थोडी रॅकमागे मोठ्या वेटोळ्यात सैल ठेवली. नायलॉन टायऐवजी वेल्क्रोची पट्टी लावली, कारण आवळलेला टाय आतला पीळ चेपतो.

नव्या केबलवर ओहम: १०.६.

१४ फेब्रुवारी: पॉइंट १२ आणि शेवटची तपासणी

१२ नंबरच्या केबलमध्ये दोष नव्हता. तिथल्या संगणकावर कुणीतरी वेग ‘१०० फुल’ असा पक्का करून ठेवला होता. एका बाजूने बोलणी बंद केली की स्विचला सिग्नलवरून १०० चा वेग कळतो, पण फुल की हाफ ते कळत नाही, आणि नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. मग एक बाजू केव्हाही पाठवते आणि दुसरी त्याला टक्कर समजते. स्विचवर लेट कोलिजन (उशिरा दिसलेली टक्कर), संगणकावर सीआरसी. सेटिंग ऑटोवर आणलं, झालं. तांब्यावरच्या गिगाबिटमध्ये ही बोलणी बंद करण्याची सोयच नाही, कारण मास्टर-स्लेव्ह तिथेच ठरतात.

मग १२ ही पॉइंटांवर दोन लॅपटॉप घेऊन आयपर्फ (वेग मोजायचा प्रोग्रॅम), प्रत्येक दिशेला १० मिनिटं. सगळीकडे ९४१ मेगाबिट. १००० दिसत नाही म्हणून केबल शोधत बसू नये. पूर्ण लांबीची फ्रेम तारेवर तिच्या आगेमागच्या जागेसकट १५३८ बाइट घेते, त्यात टीसीपीचा खरा डेटा १४४८. भागाकार केला की ९४१ च येतो. आकडा ९४ च्या आसपास असेल तर लिंक १०० वर आहे. आकडा ३००-५०० असा हेलकावत असेल तर आधी लॅपटॉप पाहावा, मग एररचे आकडे.

मानकाप्रमाणे १० अब्ज बिटांमागे एक चूक चालते, म्हणजे भर वेगात दहा सेकंदांना एक. धड केबलवर प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी दिसतात. चाचणी संपली तेव्हा बाराही पोर्टांवर शून्य होतं. पोर्टचे आकडे पुसून एक आठवडा तसेच सोडले आहेत.

लागलेलं सामान: ३०५ मीटरच्या खोक्यातून १४६ मीटर केबल (त्यातली ४० स्क्रूने गेली), कीस्टोन जॅक ७ (२ फुटले), प्लग २ (दोन्ही कापून टाकले), पॅच कॉर्ड ४ नव्या.

२१ फेब्रुवारी

आकडे पाहिले. अकरा पोर्टांवर शून्य, ८ नंबरवर ३. त्या पोर्टची कॉर्ड टेबलाच्या पायाखाली चेपलेली होती. बदलली, आकडा पुसला.